मुंबई रक्तगट आणि विषाणूंचे दार

१९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट' या नियतकालिकात मुंबईतील तीन व्यक्तींच्या रक्ताची हकिकत प्रसिद्ध केली. नेहमीच्या तपासणीत हे रक्त 'ओ' गटाचे वाटे. पण त्यातील रक्तद्रव 'ओ' गटाच्या पेशींच्याही गुठळ्या करी. 'ओ' गटाचे रक्त कोणालाही चालते, असे आपण वर्गात सांगतो. त्याला हा अपवाद आहे, आणि तो जिवावर बेतणारा आहे. ए व बी प्रतिजन ज्या पायावर उभे राहतात तो 'एच' प्रतिजनच या मंडळींत नसतो.

नाव मुंबईचे पडले खरे, पण मुंबई हे गावोगावच्या माणसांचे शहर! पुढे रत्नागिरी, सातारा, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यात अशी कुटुंबे आढळत गेली. भारतात हे प्रमाण सुमारे १०,००० मध्ये १ असे धरतात. हे अप्रभावी जनुक आई व वडील दोघांकडून आले तरच प्रकट होते. इरावती कर्वे यांनी वर्णिलेली मामाची मुलगी करण्याची चाल येथे आठवते. आज सांगली जिल्ह्यातील स्वयंसेवक अशा दात्यांची यादी सांभाळून दूरदूरच्या रुग्णांना रक्त मिळवून देतात.

'एच' बनवणारी दोन जनुके एकोणिसाव्या गुणसूत्रावर शेजारी-शेजारी आहेत. एक तांबड्या पेशींवर फ्यूकोज ही शर्करा जोडणारे विकर बनवते, दुसरे तेच काम लाळेत व आतड्याच्या अस्तरात करते. भारतातील मुंबई गटाच्या व्यक्तींत पहिल्यात एका अक्षराचा बदल, तर दुसरे जनुक सबंधच गळालेले, असे १९९० च्या दशकात दिसून आले.

हे दुसरे जनुक निकामी असणे मात्र दुर्मीळ नाही. युरोपात सुमारे २० टक्के लोकांत ते निकामी असते. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात स्वयंसेवकांना जुलाब-उलट्यांचा नॉरवॉक विषाणू पाजला, तेव्हा अशांपैकी कोणालाही संसर्ग झाला नाही. विषाणूला चिकटायला ती शर्कराच नव्हती. ही काही प्रतिपिंडांची करामत नव्हे, दारच बंद!

पण तोंडावाटे दिलेली जिवंत लसही त्याच दाराने आत जाते. रोटाविषाणूच्या एका प्रचलित लसीला अशा बालकांचा प्रतिसाद काही अभ्यासांत कमी दिसला. (आईकडून आलेली प्रतिपिंडे व आतड्यातील इतर जंतू हीही कारणे असतातच.) २०१४ मध्ये परवाना मिळालेली 'रोटाव्हॅक' ही भारतीय लस दिल्लीतील नवजात बालकांत सापडलेल्या वेगळ्या कुळातील विषाणूपासून केलेली आहे. या कुळातील विषाणू फ्यूकोज न जोडलेल्या मूळ शर्करासाखळीला चिकटतात.