समुद्राची ऊब आणि आपल्या बांधीतला पाऊस



वैशाखात भर दुपारी धुऱ्यावरून अनवाणी चाला, पाय भाजतात. तसेच पाळ उतरून तलावात पाय घाला, गार वाटते. पहाटे जाल तर उलट: माती निवलेली, पाणी मात्र कोमट. ऊन तर दोघांवर सारखेच पडले. मग असे का? पाणी एक अंशाने तापवायला तितक्याच वजनाच्या कोरड्या मातीपेक्षा सुमारे पाचपट उष्णता लागते. शिवाय दिवसाची ऊब मातीत हातभरही खोल जात नाही. पाणी हलते, मिसळते आणि ऊब खाली नेते. म्हणून माती लवकर तापते, लवकर निवते. पाणी उशिरा तापते, पण ऊब धरून ठेवते.

गोष्ट एवढीशी, पण आपल्या रोवणीचा पाऊस हिच्यावरच उभा आहे. १६८६ साली हॅली या इंग्रज शास्त्रज्ञाने हे लिहून ठेवले. धूमकेतूवाले हॅली ते हेच. उन्हाळ्यात जमीन तापते, तिच्यावरची हवा हलकी होऊन वर चढते, आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरून वारा येतो. तो वारा वाफ घेऊन येतो. वाफ होताना पाण्याने जी उष्णता घेतली, ती ढग बनताना हवेत सुटते, आणि हवा आणखी वर चढते. समुद्राची ऊब अशी आपल्या डोक्यावर येऊन पोचते.

पण मग ज्या साली उन्हाळा कडक, त्या साली पाऊस चांगला, असे व्हायला हवे होते. तसे होत नाही, हे तुम्हीही जाणता. १८७५ साली आपल्या देशात हवामान खाते निघाले आणि १८७७ साली पाऊस फसला. दख्खनेत लाखो माणसे उपाशी मेली. सरकारने खात्याचे प्रमुख ब्लॅनफर्ड यांना विचारले, हे आधी सांगता येईल काय? त्यांनी हिमालयाच्या बर्फाकडे बोट दाखवले. बर्फ जास्त असला तर उन्हाची उष्णता तो वितळवण्यातच खर्ची पडते, जमीन तापत नाही, आणि पाऊस मागे पडतो. १८८६ पासून अंदाज नियमित निघू लागले. पण १८९९ साली पावसाने पुन्हा दगा दिला. आपला भाग तेव्हा भंडारा जिल्ह्यात, मध्य प्रांतात होता. तो सारा प्रांत त्या दुष्काळात होरपळला.

१९०४ साली गिल्बर्ट वॉकर आले. हे गणिती. त्यांनी देशोदेशींच्या हवेच्या दाबाचे आकडे मांडले आणि एक झोपाळा त्यांच्या नजरेस आला: प्रशांत महासागरावर दाब उतरला की हिंदी महासागराकडे चढतो, आणि आपला पाऊस बहुधा कमी होतो. का, ते त्यांना सांगता आले नाही. उत्तर समुद्राच्या पाण्यात होते. ते १९६९ साली ब्यर्कनेस यांनी जुळवले. एरवी वारा प्रशांत महासागराचे ऊबदार पाणी इंडोनेशियाकडे लोटतो. काही वर्षी वारा मंदावतो, आणि ते पाणी उलट पेरू देशाकडे सरकते. तिथले कोळी यालाच ‘एल निनो’ म्हणत. ऊब सरकली की हवा वर चढण्याची जागाही सरकते. आपल्याकडे हवा खाली बसते आणि ढग धरत नाहीत.

आता सगळे उमगले, असे वाटले. पण १९९७ साली मोठा एल निनो आला आणि देशात पाऊस सरासरीइतका पडला! २००२ चा एल निनो त्यापेक्षा लहान, तरी जुलैत देशात निम्माच पाऊस झाला. ऐन रोवणीचा महिना. १९९९ साली, म्हणजे गोंदिया जिल्हा वेगळा झाला त्याच वर्षी, जपानात काम करणारे साजी आणि त्यांचे सहकारी यांनी दाखवले की आपल्या हिंदी महासागरातही ऊब पूर्व-पश्चिम सरकते. आफ्रिकेकडची बाजू ऊबदार झाली तर बऱ्याचदा आपल्याला आधार मिळतो. १९९७ ला तसेच झाले होते.

समुद्राचे बळ किती? त्याच्या वरच्या सुमारे तीन मीटर पाण्यात जितकी उष्णता मावते, तितकीच त्यावरच्या साऱ्या हवेत मावते. आज पृथ्वीवर जी जादा उष्णता साठते आहे, तिचा दहातला नऊ वाटा समुद्रच गिळतो आहे. तेव्हा पुढचे अंदाज सोपे होतील, असे मला तरी वाटत नाही.

नवेगावबांधचा तलाव बांधणाऱ्या कोहळी लोकांना यातले काही ठाऊक नव्हते. पावसावर भरवसा नाही, एवढे मात्र पक्के ठाऊक होते. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव ‘माजी मालगुजारी’ झाले. पण बरेच तलाव गाळाने भरत गेले.

हवामान खाते एप्रिलात पहिला अंदाज देते आणि मे-अखेरीस सुधारून देते. तो जरूर ऐका. पण देशाचा आकडा चांगला आला म्हणून सडक अर्जुनीत वेळेवर पाऊस येईलच, असे नाही. सारे पऱ्हे एका दिवशी टाकू नका. दहा-बारा दिवसांच्या अंतराने दोनदा टाका, काही धान हलके ठेवा. धान निसवताना लागणारे पाणी तलावात राखून ठेवा. आणि गावाला गाळ काढायचा असेल, तर ते काम रोहिणीतच उरका. मृग लागला की तलावाच्या पोटात पाणी येऊ लागते.