व्यायामाची दोन घरे : औंध आणि बंगळूर

बंगळूरच्या पूर्वेस असलेले व्हाइटफील्ड आज संगणक उद्योगाचे माहेरघर म्हणून ओळखले जाते. १८८२ साली म्हैसूरच्या महाराजांनी दिलेल्या जमिनीवर डी. एस. व्हाइट यांच्या पुढाकाराने अँग्लो-इंडियन कुटुंबांची शेतीप्रधान वसाहत येथे वसली. नव्वदच्या दशकात तंत्रज्ञान उद्यान उभे राहिले आणि शेतांच्या जागी काचेच्या इमारती आल्या. त्या इमारतींत दिवसभर खुर्चीवर बसून काम करणाऱ्यांत मराठी शाळांतून शिकून गेलेले तरुणही पुष्कळ आहेत. सायंकाळी तेथील व्यायामगृहे गजबजतात. जानेवारीत नाव घालणारे अनेकजण मार्चपर्यंत दिसेनासे होतात, हाही सर्वत्र येणारा अनुभव. व्यायाम सुरू करणे सोपे, टिकवणे अवघड. तो टिकतो कशाने, या प्रश्नाचे उत्तर शोधताना बंगळूर आणि सातारा जिल्ह्यातील औंध यांना जोडणारा इतिहासाचा एक धागा हाती लागतो.

त्या धाग्याचे टोक युरोपात आहे. मराठी घरांत ज्याच्या नावाने बिनबाह्यांचा बनियन ओळखला जातो, तो युजेन सँडो हा आधुनिक शरीरसौष्ठवाचा आद्य पुरुष. १४ सप्टेंबर १९०१ रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये त्याने शरीरसौष्ठवाची मोठी स्पर्धा भरवली. परीक्षकांत एक शिल्पकार होता आणि शेरलॉक होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉइलही होते. केवळ दंड किती जाड, हा तेथे निकष नव्हता. सर्वांगाची प्रमाणबद्धता पाहिली गेली. सामान्य माणसासाठी सँडोची शिकवणही साधी होती. डंबेल्स हलके असावेत, आवर्तने हळूहळू वाढवावीत आणि ज्या स्नायूला व्यायाम द्यायचा त्यावर मन एकाग्र करावे. १९०४-०५ मध्ये तो हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आला. परंतु त्याची पुस्तके आणि साधने त्याच्याआधीच येथे पोचली होती.

ती मागवणाऱ्यांत औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी होते. १८६८ मध्ये जन्मलेल्या या राजपुत्राने सुमारे दहा वर्षे सँडोच्या पद्धतीने नियमित व्यायाम केला. १९०८ च्या सुमारास मिरजेच्या अधिपतींच्या सांगण्यावरून ते सूर्यनमस्कारांकडे वळले आणि १९०९ मध्ये गादीवर आल्यावर त्यांनी संस्थानातील शाळांत सूर्यनमस्कार सुरू केले. त्यांचा आग्रह शास्त्रशुद्ध होता : वयाप्रमाणे संख्या ठरवावी, ती क्रमाने वाढवावी, श्वास आणि मंत्र यांची जोड द्यावी, आणि एकही दिवस खंड पडू देऊ नये. मुलींनाही त्यांनी यातून वगळले नाही. सूर्यनमस्काराला ना उपकरण लागते, ना मोठे मैदान. चटईएवढी जागा पुरते. लहानशा संस्थानातील खेड्यापाड्यांच्या शाळांना परवडेल असा हा व्यायाम होता. पुढे १९३८ मध्ये त्यांचे इंग्रजी पुस्तक लंडनहून प्रसिद्ध झाले आणि औंधची ही शिस्त परदेशी वाचकांपर्यंत गेली.

याच काळात बंगळुरात प्रा. के. व्ही. अय्यर यांनी आपली व्यायामशाळा नावारूपाला आणली. त्यांची छायाचित्रे परदेशी व्यायाम-मासिकांत झळकत. १९३० मध्ये त्यांचे स्नायुसाधनेवरील ‘मसल कल्ट’ हे पुस्तक आले. ते पोस्टाद्वारेही धडे देत. म्हैसूरचे महाराज चौथे कृष्णराज वाडियार हेही त्यांच्याकडून व्यायाम शिकले. १९३७ मध्ये त्यांनी सूर्यनमस्कारांवर स्वतंत्र पुस्तक लिहिले. वजने उचलून स्नायू घडवावेत आणि आसने व नमस्कार यांनी अंतरेंद्रिये निरोगी राखावीत, असा मेळ त्यांनी घातला. भवानरावांनी सँडोची साधने बाजूला ठेवली. अय्यरांनी ती ठेवून घेतली आणि नमस्कारांनाही शेजारी जागा दिली. विशेष म्हणजे हा पहिलवान साहित्यिकही होता. ‘शांतला’ ही त्यांची ऐतिहासिक कादंबरी कन्नड वाचकांना सुपरिचित आहे, आणि नाटककार टी. पी. कैलासम त्यांचे स्नेही होते. बळकट शरीर आणि सुसंस्कृत मन यांत वैर असते, हा समज त्यांच्या जीवनाने खोटा ठरवला.

एका घरी राजाज्ञा, दुसऱ्या घरी स्वेच्छेने आलेले शिष्य. मार्ग इतके भिन्न, तरी दोन्ही घरांत एक गोष्ट समान होती. सांगणारा स्वतः करणारा होता. औंधच्या मुलांना नमस्कार घालायला सांगणारा राजा स्वतः रोज पहाटे नमस्कार घालीत असे. अय्यरांचे शरीर हाच त्यांचा पहिला धडा होता. प्रेरणा म्हणून जे शोधले जाते, ते बहुधा भाषणात नसते. डोळ्यांसमोर दररोज घडणाऱ्या आचरणात असते.

या इतिहासाला दुसरी बाजूही आहे. हुकमाने आलेला व्यायाम हुकमाबरोबर जाऊ शकतो. १९४८ मध्ये औंध संस्थान विलीन झाले. त्यानंतर नमस्कार टिकले ते ज्या घरांत त्यांची गोडी रुजली होती तेथे. उलट, केवळ आरशासाठी केलेला व्यायाम आरशाने निराश केले की संपतो. छायाचित्रातील शरीर महिन्याभरात मिळेल या आशेने चूर्णे आणि औषधे यांच्या मागे धावणाऱ्या तरुणांनी हे विशेष ध्यानात घ्यावे. जुन्या आचार्यांनी वजन किंवा संख्या क्रमाने वाढवण्यावर भर दिला, कारण स्नायू घाईला दाद देत नाही.

शाळांनाही यातून काही शिकता येण्याजोगे आहे. परीक्षा जवळ आली की शारीरिक शिक्षणाचा तास गणिताला किंवा विज्ञानाला दिला जातो. त्यामागचा हेतू चांगला असतो; परंतु शरीराचा तास हा उसना देता येणारा तास आहे, एवढेच त्यातून मूल शिकते. पुढे तेच मूल मोठे होऊन व्हाइटफील्डमधील कचेरीत बसते, आणि तोच तास पुन्हा पुन्हा कामाला उसना देत राहते. चाळिशीत पाठ दुखू लागते तेव्हा हिशेब कळतो.

औंध आणि बंगळूर येथील या दोन घरांचा वारसा मोठ्या यंत्रांत नाही. तो थोड्याने आरंभ करण्यात, रोज करण्यात आणि मुलांच्या देखत करण्यात आहे. उद्या पहाटे घरात एक चटई अंथरली गेली आणि आईवडिलांच्या शेजारी मुलाने बारा नमस्कार घातले, तर व्यायामाचे तिसरे घर तेथेच उभे राहील.