ओडोमीटरमधील फेरफार

ओडोमीटरमधील फेरफार म्हणजे वापरलेले वाहन विकताना ते प्रत्यक्षापेक्षा कमी धावले आहे असे भासवण्यासाठी अंतरमापकावरील आकडा कमी करणे होय. यांत्रिक ओडोमीटरमध्ये आकड्यांची चाके मागे फिरवली जातात, तर डिजिटल ओडोमीटरमधील नोंद इलेक्ट्रॉनिक उपकरणाने बदलली जाते. यामुळे ग्राहक जादा किंमत मोजतो. शिवाय टायमिंग बेल्टसारखे ठरावीक अंतरानंतर बदलायचे भाग वेळेवर न बदलल्यास इंजिन निकामी होऊ शकते. सर्व्हिसिंगच्या नोंदी तसेच टायर व पेडलांवरील रबराची झीज यांच्याशी आकडा ताडून पाहिल्यास विसंगती लक्षात येऊ शकते. अमेरिकेत १९७२ च्या संघीय कायद्याने अशा फेरफारास मनाई केली. भारतात व्यावसायिक विक्रेत्याने फसवल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते.