चार दिवसांचा कागद

आमच्या कर्जत-खालापुरात मान टिकाऊ वस्तूंना. सागाचं दार, शिसवीचा पाट, तांब्याचा हंडा, दगडी जातं. हे आजोबांनी आणलं, ते पणजोबांच्या हातचं, असं चार पिढ्या सांगत राहतात. कागदाच्या वस्तूंचं तसं नाही. आकाशकंदील, पताका, गणपतीचं मखर, कातरून केलेलं तोरण, हातानं रंगवलेलं भेटकार्ड, ही सगळी चार दिवसांची पाहुणी. सण सरला की चुलीत, नाहीतर उकिरड्यावर. म्हणून त्यांचा इतिहास कोणी लिहून ठेवला नाही. पण घराघरात हाताला वळण लावलं ते या चार दिवसांच्या कागदानंच, असं मला वाटतं.

महाराष्ट्रात कागद जुना आहे, पण तो गरिबाच्या घरात फार उशिरा आला. दौलताबादजवळचं कागजीपुरा आणि आपल्या घाटावरचं जुन्नर, ही कागदाची नावाजलेली ठिकाणं. पुण्यात कसब्यात कागदीपुरा आहे, तोही याच धंद्याच्या नावाचा. हे कागदी म्हणजे मुसलमान कारागीर. तागाच्या जुन्या दोऱ्या, गोणपाट, चिंध्या चुन्याच्या पाण्यात कुजवायच्या, कुटायच्या, धुवायच्या. तो लगदा हौदात कालवून चाळणीवर एकेक ताव उचलायचा, भिंतीवर वाळवायचा, त्याला खळ लावायची आणि गुळगुळीत दगडानं घोटायचं. घोटीव कागद म्हणतात तो हा. पेशवाईची दप्तरं असल्याच कागदावर लिहिली गेली. एवढ्या मेहनतीचा ताव कातरून कोण पताका करणार? गावात कागद असायचा तो कुलकर्ण्याच्या दप्तरात, आणि कुणब्याला तो दिसायचा साऱ्याच्या नाहीतर कर्जाच्या वेळी. म्हणजे कागदाची पहिली ओळख भीतीची.

ती भीती मोडली रेल्वेनं आणि टपालानं. 1863 साली बोरघाटातून गाडी वर गेली. गिरणीचा कागद आला, पुड्यांचा कागद आला, रद्दी आली. 1879 साली सरकारनं पाव आण्याचं पोस्टकार्ड काढलं. आता पोस्टकार्डाला कोणी कलाकुसर म्हणणार नाही, पण आमच्या बायाबापड्यांनी त्याची केली. लग्नाचं कार्ड असलं की चारी कोपऱ्यांना हळदकुंकवाची बोटं. मयताचं असलं की कोपरा फाडलेला. पोस्टमन अंगणात आला की न शिकलेली म्हातारी आधी कोपरा बघायची. कुंकू दिसलं की पोस्टमनला गूळपाणी, कोपरा फाटका दिसला की वाचून दाखवायच्या आधीच रडं. बाजारात छापलेली भेटकार्डं मिळायला लागली त्याच्या कितीतरी आधी आमच्याकडे हातानं केलेलं कार्ड होतं ते हे. त्यात चित्र नव्हतं, पण ज्याला धाडलं त्याच्यासाठीच कोणीतरी बोट बुडवलेलं होतं. आता सगळ्या नातलगांना मोबाइलवर एकच निमंत्रण जातं, त्यात सगळं असतं, फक्त ते बोट नसतं.

घर सजवायचा कागद आला देवाच्या रूपानं. श्रावणात जिवतीचा कागद भिंतीला चिकटवायची चाल सगळ्यांना ठाऊक आहे. पुण्यात 1878 साली विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांच्या सोबत्यांनी चित्रशाळा काढली, तिथून देवादिकांची रंगीत चित्रं घरोघर गेली. राजा रविवर्म्यांनी 1894 साली मुंबईत छापखाना सुरू केला आणि प्लेगाच्या धामधुमीत तो मळवलीला हलवला. मळवली म्हणजे आमच्या खोपोलीवरून घाट चढून गेलं की लोणावळ्यापुढचं स्टेशन. पुढे हा छापखाना फ्रिट्झ श्लायखर नावाच्या जर्मन माणसानं विकत घेतला आणि देवांच्या जोडीला कॅलेंडरं, जाहिरातींची चित्रंही तिथं छापली जाऊ लागली. 1972 साली आग लागून तो जळाला.

पण मला सांगायचं ते छापखान्याचं नाही. ते चित्र घरी आल्यावर बायका त्याचं काय करायच्या, ते सांगायचं आहे. लक्ष्मीच्या साडीवर खऱ्या जरीचा तुकडा चिकटवायचा. मुकुटाला टिकल्या, गळ्यात बारीक मण्यांची माळ, काठाला चमकी. मग काच बसवून घ्यायची. छापखान्यातून एकसारख्या हजार लक्ष्म्या निघाल्या, पण प्रत्येक घरातली लक्ष्मी वेगळी नेसली. अशी सजवलेली रविवर्म्यांची चित्रं आज संग्रहात जपून ठेवतात. ती सजवणाऱ्या बाईचं नाव मात्र फ्रेमवर नसतं.

आता कंदील. आमच्याकडे दिवाळी आणि भाताची कापणी एकाच वेळी येतात. दिवसा विळा हातात, कंदील व्हायचा तो रात्री ओटीवर. बांबू पक्का लागतो, कोवळा घेतला तर कामटी सुकल्यावर पिळवटते आणि कंदील तिरका होतो. जून बांबू उभा चिरायचा, पाठ ठेवून आतला गाभा तासून टाकायचा आणि सारख्या लांबीच्या चोवीस कामट्या करायच्या. त्यांचे सहा चौकोन आणि आठ त्रिकोण होतात. बघा, एकही कामटी जास्त लागत नाही आणि एकही कमी पडत नाही. हा हिशेब ज्यांनी बसवला त्यांनी भूमितीचं पुस्तक पाहिलं नसेल. सांधे सुतानं बांधायचे, पण आधी सैल. सगळा सांगाडा उभा राहिला की मग आवळायचे. पहिलाच सांधा करकचून बांधला तर शेवटची कामटी बसत नाही.

खळ घरातली. गव्हाचं पीठ नाहीतर मैदा गार पाण्यात आधी कालवायचा, मग चुलीवर ढवळत ढवळत शिजवायचा. चिंचोक्याची खळ जास्त चिवट. किडा लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद घालतात. ते विष आहे, म्हणून ती वाटी पोरांच्या हाताला लागू द्यायची नाही. पतंगी कागद ताणून चिकटवायचा नाही. हलका सैल ठेवायचा, वाळल्यावर तो आपला आपण ताठ होतो. खाली झिरमिळ्या, कडेला कातरलेली पांढरी नक्षी. आत पूर्वी पणती असायची. वारा आला की कंदील पेटायचा, म्हणून तो टांगायचा तो गवताच्या छपरापासून दूर, अंगणात उंच काठीवर. वीज आली, बल्ब आला, मग कंदील ओटीच्या दारात आला.

आमच्या डोक्यावर माथेरान. 1907 साली नेरळहून छोटी गाडी वर गेली, तरी मोटार आजही दस्तुरीच्या पुढे जात नाही. त्यापुढे सामान जायचं ते घोड्यावर, हातगाडीवर नाहीतर माणसाच्या डोक्यावर. 2003 साली केंद्र सरकारनं हा भाग पर्यावरणाच्या दृष्टीनं संवेदनशील ठरवला. जिथं प्रत्येक ओझ्याला माणूस लागतो तिथं कागदाची किंमत कळते. शंभर माणसांचा मांडव सजेल एवढा पतंगी कागद एका काखेत मावतो.

याच माथेरानात 1912 साली भाई कोटवालांचा जन्म झाला. बेचाळीसच्या चळवळीत त्यांच्या आझाद दस्त्यानं विजेचे मनोरे पाडले, आणि 2 जानेवारी 1943 ला सिद्धगडावर ते आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळ्यांनी हुतात्मा झाले. आमच्या पिढीनं त्यांचं नाव शाळेत ऐकलं ते प्रभातफेरीत, हातातला कागदी झेंडा सांभाळत. केशरी, पांढरा, हिरवा कागद कापायचा, बांबूच्या काडीला खळीनं चिकटवायचा, चक्र मास्तर काढून द्यायचे. स्वतः चिकटवलेला झेंडा पोरगं वाटेत टाकत नाही. विकतचा प्लास्टिकचा झेंडा पंधरा ऑगस्टच्या दुपारी गटारात दिसायचा, तेव्हा मला हा फरक उमगला.

मधली तीस-पस्तीस वर्षं थर्माकोलची गेली. मखर थर्माकोलचं, कंदील प्लास्टिकचा. स्वस्त, झटपट, पांढराशुभ्र. विसर्जनानंतर मात्र उल्हास नदीच्या काठाला त्याचे तुकडे पुढच्या पावसापर्यंत. 23 मार्च 2018 ला राज्य सरकारनं प्लास्टिक आणि थर्माकोलवर बंदी आणली. मखरवाल्यांनी सवलत मागितली, ती उच्च न्यायालयानं दिली नाही. आणि माळ्यावर टाकलेली विद्या पुन्हा खाली आली. पुठ्ठ्याचं मखर, कागदी फुलं, कागदी पिशव्या, हातानं केलेली भेटकार्डं, वर्तमानपत्राच्या सुरळ्यांच्या टोपल्या. आमच्या बाजूच्या बचत गटातल्या बाया हे सगळं करतात. पोरी मोबाइलवर बघून जपानी घड्या शिकतात आणि आजीकडून खळ शिजवायला शिकतात.

आता हिशेबाचं बोलू. शेतकऱ्याला हिशेबाशिवाय बोलवत नाही. कामट्या तासण्यापासून झिरमिळ्यांपर्यंत एका चांगल्या कंदिलाला तीन तास जातात. कागद, सूत, बांबू वेगळा. बाई दोनशे रुपये सांगते. शहरातून आलेलं गिऱ्हाईक कौतुक करतं, फोटो काढतं आणि शंभराला मागतं. शंभरातून सामान वजा केलं तर कापणीची मजुरीही सुटत नाही. बाई देऊन टाकते, कारण दिवाळी झाल्यावर कंदिलाला गिऱ्हाईक नाही. भात निदान कणगीत थांबतं, कंदील थांबत नाही. हातच्या वस्तूचं कौतुक सगळे करतात, हाताचा दाम कोणी धरत नाही.

यावर मार्ग काय, याचंही उत्तर कागदाच्याच इतिहासात आहे. गिरणीपुढे हातकागद हरला. गांधीजींनी 1934 साली वर्ध्याला ग्रामोद्योग संघ काढला, त्यात हातकागदाचं काम हाती घेतलं. त्याच प्रेरणेनं 1940 साली पुण्यात हातकागद संस्था उभी राहिली. पण वहीच्या कागदात गिरणीची बरोबरी होणं शक्यच नव्हतं. हातकागद जगला तो भेटकार्डात, लग्नपत्रिकेत, जाड पिशवीत, फुलाची पाकळी घातलेल्या तावात. म्हणजे ज्या ठिकाणी माणसाला एकसारखं नको असतं, त्या ठिकाणी तो जगला. आमच्या बायांनीही प्लास्टिकच्या कंदिलाशी भावात झुंजू नये. घेणाऱ्याचं नाव, गाव, त्याच्या घराचा रंग विचारून, आगाऊ पैसे घेऊन करावा. श्रावणात मागणी, आश्विनात कंदील. भाताचं बियाणं कोणी पेरणीच्या दिवशी शोधत नाही, तसंच हे.

आणि कंदिलाच्या तळाशी, झिरमिळ्यांच्या आत, करणाऱ्या बाईनं आपलं नाव लिहावं. जरीची लक्ष्मी सजवणाऱ्या बाया निनावी गेल्या. कागद चार दिवसांचा असेल, पण ज्या हातांनी तो बांधला ते हात चार दिवसांचे नाहीत. दारात कंदील लागला की पाहुणा विचारतोच, कुठून आणला? त्याला दुकानाचं नाही, माणसाचं नाव सांगता यावं.