आज्ञेकडून स्थितीकडे : आभासी संगणकांच्या व्यवस्थापनाचा इतिहास

एकाच यंत्रावर अनेक आभासी संगणक चालवण्याची कल्पना जुनी आहे. आयबीएमने १९७२ मध्ये आपल्या मोठ्या संगणकांसाठी व्हीएम/३७० ही प्रणाली जाहीर केली. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या व्हीएमवेअरने हे तंत्र साध्या पीसीवर आणले. २००६ मध्ये ॲमेझॉनची ईसी२ सेवा सुरू झाली आणि नवा सर्व्हर काही मिनिटांत भाड्याने मिळू लागला. यंत्र मिळवणे सोपे झाले, पण शेकडो यंत्रे एकसारखी ठेवणे अवघडच राहिले.

या अडचणीवरचा उपाय मात्र आधीच शोधला गेला होता. ऑस्लो विद्यापीठात भौतिकशास्त्राचे संशोधन करणारे मार्क बर्जेस यांच्यासमोर निरनिराळ्या प्रकारची युनिक्स यंत्रे होती आणि प्रत्येक प्रकारासाठी शेल स्क्रिप्ट वेगळी लिहावी लागे. १९९३ मध्ये त्यांनी सीएफइंजिन तयार केले.

त्यामागील विचार एका उदाहरणाने समजून घेऊ. 'फाइलमध्ये ही ओळ जोडा' ही आज्ञा दोनदा चालवली, तर ओळ दोनदा जोडली जाते. 'फाइलमध्ये ही ओळ असावी' असे सांगितले, तर साधन आधी तपासते आणि ओळ नसेल तरच जोडते. हे वर्णन कितीही वेळा लागू केले तरी परिणाम तोच राहतो. येथे प्रशासक कृती सांगत नाही, तर अपेक्षित स्थिती सांगतो.

पुढील साधनांनी हाच विचार आपापल्या परीने विकसित केला. ल्यूक केनिज यांच्या पपेटने (२००५) स्थिती वर्णन करण्यासाठी स्वतंत्र भाषा दिली. शेफमध्ये (२००९) रुबी भाषेतच 'रेसिपी' लिहिता येऊ लागल्या. या दोन्हींत सामान्यतः प्रत्येक यंत्रावर एजंट बसवावा लागतो आणि तो मध्यवर्ती सर्व्हरकडून सूचना घेतो. मायकेल डीहान यांच्या ॲन्सिबलने (२०१२) एजंट वगळला. लिनक्स यंत्रांवर आधीपासून असलेल्या एसएसएचवरूनच ते काम करते. त्यामुळे नुकत्याच तयार झालेल्या आभासी संगणकावरही ते लगेच वापरता येते. २०१५ मध्ये रेड हॅटने ॲन्सिबल विकत घेतले.

हा बदल केवळ सोयीचा नव्हता. पूर्वी सर्व्हरची रचना प्रशासकाच्या डोक्यात असे. तो नोकरी सोडून गेला की ते ज्ञानही जाई. आता ती रचना मजकुराच्या फाइलमध्ये लिहिली जाते. ती इतरांना वाचता येते, तपासता येते आणि जुन्या आवृत्तीवर परतताही येते. पण धोकाही त्याच प्रमाणात वाढला. हाताने केलेली चूक एका यंत्रापुरती राही. फाइलमधील चुकीची एक ओळ काही मिनिटांत सगळ्या यंत्रांवर पोहोचते. म्हणूनच बदल आधी चाचणीच्या यंत्रावर, मग थोड्या यंत्रांवर आणि शेवटी सर्वांवर लागू करण्याची शिस्त आवश्यक ठरते. साधन स्थिती राखते, पण ती स्थिती योग्य आहे की नाही, हे माणसालाच ठरवावे लागते.