करमणुकीची बॅटरी

बॅटरी म्हटलं की आपल्याला आधी वायरलेस सेट आठवतो. पण चार्ज करता येणाऱ्या बॅटरीचा आणि मौजमजेचा संबंधही फार जुना आहे.

1859 साली गास्तों प्लांते या फ्रेंच माणसाने शिशाच्या दोन पत्र्यांची गुंडाळी सौम्य गंधकाम्लात बुडवली आणि पुन्हा पुन्हा भरता येणारी पहिली बॅटरी तयार झाली. ती भरायला तेव्हा साधे सेलच वापरावे लागत. 1881 मध्ये कामीय फोर याने पत्र्यांवर शिशाच्या ऑक्साइडचा लेप दिला आणि बॅटरी कारखान्यात बनू लागली. पुढच्या दहा वर्षांत लंडनच्या थेम्स नदीवर विजेच्या सहलीच्या होड्या भाड्याने मिळू लागल्या. त्यांच्यासाठी नदीत तरंगती चार्जिंग स्टेशनं होती! मग रेडिओ आला. मुंबईचं केंद्र 23 जुलै 1927 ला सुरू झालं. वीज नसलेल्या घरातल्या व्हॉल्व्हच्या रेडिओला दोन व्होल्टची ॲसिड बॅटरी लागे, आणि ती उतरली की उचलून दुकानात भरायला न्यावी लागे.

लडाखच्या पोस्टिंगमध्ये चार्जिंगचं काम माझ्याकडे होतं. जोजी ला बंद झाला की उन्हाळ्यात वर आलेल्या डिझेलवरच हिवाळा काढायचा, त्यामुळे जनरेटरचा प्रत्येक तास मोजलेला. आधी ड्यूटीच्या बॅटऱ्या, मग उरलं तर करमणुकीची. ती म्हणजे ड्यूटीतून उतरलेली जुनी 12 व्होल्टची, 75 अँपिअर-अवरची बॅटरी. रेडिओ सहा व्होल्टचा, म्हणून पोरं तिच्या सहापैकी तीनच खान्यांवरून तार घेत. मला ते मुळीच पसंत नव्हतं. तीन खाने रिकामे आणि तीन भरलेले अशी बॅटरी चार्जिंगला लावली, की भरलेल्यांतलं पाणी उकळ्या फुटून उडतं आणि रिकामे उपाशीच राहतात. शेवटी दर आठवड्याला तार आलटूनपालटून लावायची असं ठरलं.

भांडण खरं रेडिओचं नव्हतंच. रेडिओ जेमतेम दशांश अँपिअर खातो. रोज तीन तास लावला तरी आठवड्याला दोन अँपिअर-अवर. टेपरेकॉर्डरची मोटर त्याच्या कितीतरी पट ओढते. साताऱ्याकडच्या एका जवानाने ‘जयमाला’ला फर्माईश पाठवली होती. पत्र कधी वाचतील याचा नेम नाही, म्हणून एकही संध्याकाळ चुकवायची नाही हा त्याचा हट्ट. दुसऱ्या गटाला घरून आलेली लेझीमची कॅसेट हवी. सुभेदारसाहेबांनी मला विचारलं, "बॅटरी काय म्हणते?"

मी हायड्रोमीटर लावला. भरलेल्या बॅटरीत ॲसिडची घनता 1.26च्या आसपास असते आणि ते उणे पन्नासच्याही खाली गेल्याशिवाय गोठत नाही. पण बॅटरी पार उतरली की आत जवळजवळ पाणीच उरतं. उणे दहाच्या आसपास त्याचा बर्फ होतो आणि पेटी तडकते. त्या दिवशी काटा 1.18 वर होता, म्हणजे निम्म्याच्याही खाली. बाहेर उणे वीस. "बर्फ पेटी फोडेल असं नाही, पण आणखी उतरू देण्यात अर्थ नाही. नुसती पडून राहिली तर पत्र्यांवर सल्फेट घट्ट बसेल, मग जनरेटर कितीही चालवा," मी सांगितलं. साहेबांनी पुढच्या चार्जिंगपर्यंत टेप बंद केला, रेडिओ चालू ठेवला, आणि बॅटरी बंकरच्या आत, बुखारीच्या ठिणगीपासून लांब ठेवायला लावली. लेझीमवाले दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. फर्माईश बाविसाव्या दिवशी लागली. गाणं संपेपर्यंत लेझीमवालेसुद्धा गप्प बसून ऐकत होते.

1991 पासून लिथियमचा जमाना आला. त्यामागच्या कामासाठी 2019 चं नोबेल मिळालेले जॉन गुडइनफ दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्करात हवामान तज्ज्ञ होते, म्हणजे आपल्यातलेच म्हणायचे. या बॅटरीला पाणी नको, हायड्रोमीटर नको. मात्र शून्याखाली ती चार्ज केली की आत लिथियम धातूचा थर साचतो आणि ती कायमची बिघडते. म्हणून सध्या वर असलेल्या पोरांना माझं सांगणं: पॉवर बँक आधी अंगाच्या उबेत घ्या, मग चार्जिंगला लावा, आणि सुट्टीवर जाताना ती पूर्ण भरून किंवा पूर्ण उतरवून नको, निम्मी भरून ठेवा.