सोळा आण्यांतले चार आणे

चवथीला मुंबई, बेळगाव, पुणे इथून सगळी भावंडे मूळ घरी येतात. माटोळी बांधून होते, आरती होते, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पानाचे तबक फिरू लागले की कोणीतरी हळूच विचारतो, "घराच्या कागदांचे काय झाले?" आमच्या घरात हा प्रश्न निदान वीस वर्षे विचारला जात आहे. एक-चौदाच्या उताऱ्यावर अजून आजोबांचेच नाव आहे. तेव्हा गोव्यात वारसा कसा चालत आला, ते एकदा नीट मांडावे म्हणून हा लेख. मी वकील नाही, सरकारी नोकर आहे. पण नोकरीत कागद पुष्कळ पाहिले.

पोर्तुगालचा नागरी कायदा 1867 सालचा. त्याचा मसुदा सेआब्रा या कायदेपंडिताने केला. 1870 पासून तो गोव्यात लागू झाला. हिंदूंच्या काही रूढी 1880 च्या फर्मानाने राखून ठेवल्या गेल्या, पण मिळकतीचा कणा हाच कायदा राहिला. गंमत अशी की पोर्तुगालने स्वतः 1967 मध्ये तो मोडीत काढून नवा कायदा आणला. आपण मात्र मुक्तीनंतर 1962 च्या प्रशासन कायद्याने तो पुढे चालू ठेवला. वारसा, नोटरी आणि इन्व्हेंटरी यांसंबंधीचा भाग 2012 च्या गोवा कायद्यात नव्याने लिहिला गेला, आणि तो 2016 च्या डिसेंबरात अमलात आला. तत्त्व तेच आहे.

ते तत्त्व आण्यांत सांगतो, म्हणजे जुन्या माणसांना लगेच कळेल. लग्नाआधी नोटरीपुढे वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मिळकत एक होते. सोळा आण्यांपैकी आठ आणे बायकोचे, आणि ते वारशाने नव्हे, तिच्या स्वतःच्या हक्काने. म्हणूनच इथे जमीन विकताना दोघांच्या सह्या लागतात. नवरा वारल्यावर उरतात त्याचे आठ आणे. त्यांतले चार मुलामुलींसाठी राखीव, त्यांना कोणी हात लावू शकत नाही. म्हणजे गोव्यातला बाप कितीही रागावला तरी मृत्युपत्राने त्याच्या मर्जीचे चारच आणे. मुलाला "घराबाहेर काढीन" म्हणणारे पुष्कळ पाहिले, पण कायद्याने ती धमकी बहुतेक पोकळच.

हे मोठे का वाटते? कोल्हापूर-बेळगावकडच्या आपल्या नातेवाइकांकडे पाहा. तिथे मिताक्षरा. 1937 पर्यंत एकत्र कुटुंबातल्या विधवेला पोटगीपलीकडे फारसे काही नव्हते, 1937 नंतरही मिळाला तो तहहयात हक्क, पूर्ण मालकी 1956 नंतर. सर्व मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीचा जन्मसिद्ध हक्क मिळाला तो 2005 मध्ये. अर्थात आपल्याकडे कागदावरचे घरात उतरले असे नाही. बहिणींनी हक्कसोड करून द्यावी हा दंडक इथेही होता आणि आहे. माझ्या आत्यांनी सह्या केल्या, त्यांना कोणी विचारले होते असे मला वाटत नाही.

आता इन्व्हेंटरी. जुने लोक "इन्व्हेंतार" म्हणत. माणूस वारला की कोर्टात त्याच्या मिळकतीची यादी होते. यादी देण्याची जबाबदारी कुटुंबप्रमुखावर असते, आणि हयात असलेल्या जोडीदाराचा मान त्यात पहिला. वडिलांच्या आजीला 1934 मध्ये अशी शपथ घ्यावी लागली. अंगणाबाहेर फारशी न पडलेली बाई, कोर्टात उभी राहून माड किती, भाताची शेते किती, तांब्याची भाणी किती, देणे कोणाचे, हे सांगून आली. वडील सांगत, तिने भांडी बोटावर मोजली आणि एकही चुकली नाही.

यादीनंतर किंमत ठरते, मग वारस एकत्र बसतात. एखादी वस्तू दोघांना हवी असेल तर वारसांतच बोली लागते, बाहेरच्याला त्यात प्रवेश नाही. जो जास्त बोलेल त्याला वस्तू, आणि वाट्यापेक्षा जे जास्त जाईल ते त्याने बाकीच्यांना रोख भरायचे. आमच्या घरावर दोन भावांची बोली लागली. थोरल्याने घर घेतले आणि भरपाईसाठी कुळागर विकले. धाकट्याने पलीकडे दुसरे घर बांधले. गणपती मात्र थोरल्याच्याच घरी राहिला आणि धाकटा दरवर्षी तिथेच येत राहिला. बोलीत गणपतीची किंमत धरली नव्हती, असे वडील हसून म्हणत.

मृत्युपत्राचे दोन प्रकार विशेष. एक नोटरीच्या वहीत, साक्षीदारांसमोर लिहिलेले. दुसरे बंद. ते स्वतः लिहून नोटरीकडे न्यायचे. तो मजकूर न वाचता त्यावर मान्यतेचा शेरा मारी, मग कागद दोऱ्याने शिवून लाखेने बंद करीत.

मुंबईला खोली घेतलेल्या गोवेकरांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. एका गोवेकराने मुंबईतली मालमत्ता मृत्युपत्राने धाकट्या मुलीच्या नावे केली होती. ती इन्व्हेंटरीत धरायची की नाही, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. सप्टेंबर 2019 मध्ये निकाल लागला की गोव्याच्या रहिवाशाची मालमत्ता भारतात कुठेही असो, वारसा गोव्याच्याच कायद्याने. म्हणजे चार आण्यांची मर्यादा दादरच्या खोलीलाही लागू.

इन्व्हेंटरीचा मार्ग लांब आहे. वाद नसेल तर वारस कोण हे नोटरीपुढच्या दस्ताने आधी ठरवता येते. आमचा अर्ज मात्र एका कार्यालयात तीन वर्षे पडून राहिला, कारण एका चुलत भावाचा जन्मदाखला जोडलेला नव्हता, आणि तसे कळवण्याची तसदी कोणी घेतली नाही. मी स्वतः सरकारी नोकर, तक्रार करणार तरी कोणत्या तोंडाने?

आता जन्मदाखला मिळाला आहे. यंदा चवथीच्या दुसऱ्या दिवशी पानाच्या तबकाबरोबर वही घेऊन बसायचे आणि सर्व वारसांची नावे लिहून काढायची असे ठरले आहे. आत्यांचीही. त्यांतल्या दोघी हयात आहेत, आणि यावेळी सही मागण्याआधी त्यांना विचारायचे काम माझ्याकडे आले आहे.